मनूस, पीएचडीचा फॉर्म भरायच्या आधी

रत्नागिरी, ५ जुलै २०२५

प्रिय मनू,

तुझी व्हॉइस नोट ऐकली, मग बाबांना ऐकवली, त्यांनी अर्धी ऐकून "हे तुमचं डिपार्टमेंट" म्हटलं आणि छत्री घेऊन बाजारात गेले, उद्या आषाढी आहे ना, रताळी संपली होती. एवढ्या लांबलचक प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता येत नाही, फोनवर तू मधे मधे बोलतेस. म्हणून लिहिते. पाऊस असा लागलाय की लाईट सारखी जाते-येते, त्यामुळे हे काही सलग लिहिलेलं नाही, कुठे तुटल्यासारखं वाटलं तर तिथे लाईट गेली असं समज.

तर तुझा प्रश्न मला कळला तो असा. एमए झालं, नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा पेपर दिला, आता इंटरनॅशनल सिक्युरिटीमध्ये, म्हणजे देशादेशांतली युद्धं, शस्त्रं, करार या विषयात, पीएचडी करून प्रोफेसर व्हायचं, का युपीएससीला बसायचं, का एखाद्या थिंक टँकमध्ये चिकटायचं, आणि वर "आई तू आयुष्यभर कॉलेजात हेच शिकवलंस, वर्थ होतं का". शेवटच्याचं उत्तर सगळ्यात सोपं, हो. आणि पीएचडीचंही हो, कर. पण मे महिन्यात जे बघितलंस त्याच्या जोशात नको करू. लढाई बघून या विषयात आलेली मुलं मी बघितलीयत, लढाई संपली की त्यांना करायला काही उरत नाही.

मे महिन्याचंच बघ ना. ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर, १० तारखेला संध्याकाळी थांबलं सगळं. मधल्या एका रात्री टीव्हीवर कराची बंदर बेचिराख झाल्याच्या पट्ट्या फिरत होत्या, अँकर ओरडतायत, मागे सायरन. शेजारच्या काकी रात्री अकरा वाजता आल्या, त्यांचा मुलगा बोटीवर आहे, टँकरवर, आखातातून निघालेला. "काय गो, कराची खरंच गेली काय?" मी म्हटलं काकी, नौदल किंवा परराष्ट्र खातं सकाळी सांगेल ते खरं, तोवर टीव्ही बंद करा आणि झोपा. त्यांना काही ते पटलं नाही, एवढी शिकलेली बाई आणि हिला एवढं पण माहीत नाही असा चेहरा करून गेल्या. सकाळी कराची होती तिथेच होती. आणि नेमका त्याच रात्री तुझा तो वर्गमित्र कुठल्याशा चॅनलवर "स्ट्रॅटेजिक ॲनालिस्ट" म्हणून बसला होता, तूच लिंक पाठवलीस, कौतुकाने. तेवीस वर्षांचा मुलगा, कोट चांगला होता.

मला पण फोन आलेला, इथल्या एका पत्रकाराचा. "मॅडम, एका वाक्यात सांगा, अणुयुद्ध होणार का?" मी म्हटलं शक्यता फार कमी आहे पण शून्य नाहीये, आणि कमी का आहे ते सांगायला मला दहा मिनिटं द्या. तो म्हणाला नंतर करतो. नंतर कसला करतोय.

आता माझं काय काय झालं ते सांगते, तुला तुकड्या-तुकड्यात माहिती आहे पण सलग कधी सांगितलेलं नाही. १९९० ला कुवेतवर इराकने हल्ला केला तेव्हा मी शाळेत होते, आमच्या ओळखीतली एक फॅमिली तिकडून परत आली, अम्मानपर्यंत बसने आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने, दीड लाखाच्या वर माणसं सरकारने तशी आणली. त्या बाई आमच्या पडवीत बसल्या होत्या, हातात एक पर्स आणि घराची चावी. कुवेतच्या घराची. आपल्या जिल्ह्यात निम्म्या मोहल्ल्यांची घरं आखाताच्या पैशावर उभी आहेत, तिकडे सद्दाम हुसेनने काय ठरवलं त्यावर इकडे कुणाचं लग्न पुढे ढकललं जातं, हे मला पुस्तकाच्या आधी कळलं. म्हणजे मी तेव्हाच ठरवलं वगैरे काही नाही हां, मला तेव्हा बँकेत लागायचं होतं.

ठरलं ते ९८ ला. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली, एमएचं पहिलं वर्ष संपवून मी कालिन्याहून, मुंबई विद्यापीठातून, मे महिन्यात घरी आले होते, आंबे काढायचे दिवस, आणि ११ तारखेला संध्याकाळी वाजपेयींनी टीव्हीवर येऊन सांगितलं की पोखरणला तीन चाचण्या झाल्या. १३ ला आणखी दोन. २८ ला पाकिस्तानने चगाईला केल्या. वाडीत पेढे वाटले गेले, मी पण खाल्ले, आणि सुट्टी संपवून परत गेले तर आमच्या सरांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, दोघांकडे बाँब आल्यावर लढाईची शक्यता वाढते का कमी होते? आणि म्हणाले ज्याला उत्तर माहितीये त्याने वर्गाबाहेर जावं, त्याला इथे शिकण्यासारखं काही नाही. आम्ही हसलो. पण वर्षभरात कारगिल झालं आणि तो प्रश्न फळ्यावरून उतरून घरात आला.

केनेथ वॉल्ट्झ आणि स्कॉट सेगन या दोन अमेरिकन अभ्यासकांचा वाद तू वाचलायस, परीक्षेपुरता तरी. वॉल्ट्झने १९८१ मध्ये म्हटलं की अण्वस्त्रं हळूहळू पसरली तर जग उलट जास्त सावध होईल, कारण हरण्याची किंमत इतकी मोठी की कोणी वेडेपणा करणार नाही. सेगनचं म्हणणं, देश निर्णय घेत नाहीत, ऑफिसं घेतात, आणि ऑफिसात चुका होतात. मी कितीतरी वर्षं दोघांना निम्मे-निम्मे मार्क देत शिकवलं. मग ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. माणूस कोणी गेलं नाही, नशीब. दोन दिवसांनी आपल्या संरक्षण मंत्रालयाने कबूल केलं, पुढे ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना काढलं. आता या एका घटनेत बघ, सेगन म्हणेल मी सांगत होतो ना, आणि वॉल्ट्झवाले म्हणतील एवढं होऊनही पलीकडून काही सुटलं नाही ना, मग आमचंच खरं. एकच घटना, दोघांच्या बाजूने साक्ष. हे ज्याला चिडचिड न होता आवडतं त्याने या विषयात यावं.

आणखी एक गंमत त्यातलीच. तेव्हा जो तो म्हणत होता की क्षेपणास्त्र चाचणीची आधी कल्पना द्यायचा दोन देशांत करार आहे, तो मोडला. मी तो करार काढून बसले, ऑक्टोबर २००५ चा. तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे, म्हणजे वर फेकली की कमान घेऊन खाली पडणारी. ब्रह्मोस क्रूझ, विमानासारखं खालून उडत जाणारं. म्हणजे तो करार इथे लागूच होत नव्हता, आणि मुळात ही चाचणीही नव्हती. क्रूझ का वगळलं, कोणाला नको होतं, पुढे ते घालायचं बोलणं कुठे अडलं, यावर अख्खी पीएचडी होऊ शकते. टीव्हीवर तीस सेकंद पण होणार नाहीत.

माझी पीएचडी तरी कशावर होती, एका यादीवर. तुझी आजी म्हणाली होती, यादीवर कसली डॉक्टर होतेस, वाणसामानाची काय? ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादला सही झालेला करार, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो पंतप्रधान असताना, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. ९१ ला लागू झाला. त्यानुसार १ जानेवारी १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी दोघं आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. यादीत काय आहे ते आपल्याला कळत नाही, पेपरात चार ओळी येतात, थर्टी फर्स्टच्या फोटोंखाली. कारगिल झालं, पुढच्या १ जानेवारीला यादी दिली. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेकडे निघालेलं, आणि तीन आठवडे व्हायच्या आत यादी दिली. २६/११ नंतर दिली. बालाकोटनंतर दिली. २०२५ ची चौतिसावी.

का देतात? एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, खेळाडू पाठवत नाहीत, हायकमिशनर परत बोलवून घेतात, आणि हे मात्र चालू. माझं उत्तर थोडक्यात असं होतं की यादी द्यायला काही लागत नाही पण बंद करायला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण पलीकडचा कसा वाचेल याची दोघांना भीती. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले सर म्हणाले, "हे इतकं साधं आहे?" मी म्हटलं सर, साधं आहे पण आधी कोणी लिहिलेलं नाहीये. गाइडने टेबलाखालून मला पाय मारला. मिळाली डिग्री.

त्यासाठी दिल्लीला जायचे मंगला एक्स्प्रेसने, रजा मिळेल तशी, तू लहान होतीस, आजीकडे असायचीस. दिल्लीत जाऊन हाताला काय लागायचं ते पण सांगते कारण तुझी समजूत आहे की आर्काइव्हमध्ये सगळं असतं. कायदा आहे, १९९३ चा पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट, त्याखाली ९७ चे नियम, पंचवीस वर्षं जुनी फाईल राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवी. हवी. ६२ च्या चीनकडून झालेल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स रिपोर्ट ६३ साली तयार झाला, सरकारने अजून तो बाहेर काढलेला नाही. कारगिलवरचा सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल छापला, पण मधला मधला मजकूर वगळून. माहिती अधिकारात अर्ज टाक, कलम ८ मध्ये सुरक्षेचं कारण पुढे करून परत येतो, मी टाकलेत, पाकिटं जपून ठेवलीयत. मग काय करायचं, तर लोकसभेतली उत्तरं वाचायची, एकूण एक, खासदाराने काय विचारलं आणि मंत्र्याने काय टाळलं. पाकिस्तानी पेपर वाचायचे. निवृत्त अधिकाऱ्यांना भेटायचं. एका निवृत्त साहेबांनी मला घरी बोलावलं, फार उत्तम कॉफी पाजली, दोन तास बोलले आणि सांगितलं काहीच नाही, निघताना म्हणाले, "बाई, तुम्ही चुकीचं वर्ष विचारताय." बस्स. त्या एका वाक्यावरून मी परत मागे जाऊन सगळी उत्तरं वाचली आणि माझा तिसरा चॅप्टर उभा राहिला.

आता पैशाचं, जे तू विचारलं नाहीस पण बाबांनी विचारायला लावलंय. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७ हजार, पहिली दोन वर्षं, मग ४२ हजार, वर घरभाडं. ते मिळालं तर दिल्लीत नीट जगशील. नुसतं नेट झालं तर प्रवेश मिळेल, पैसे नाहीत, मग मला सांग, आपण बघू, पण आधी रिझल्ट तर लागू दे. गेल्या वर्षी जूनमध्ये पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आख्खी परीक्षा रद्द केली होती आठवतंय ना, तुझी ती सीनियर रडत होती, त्यामुळे रिझल्ट हातात येईपर्यंत मी काही धरून चालत नाही. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. आमच्या वेळचं एमफिल आता बंदच झालं, तो एक जिना होता, तो काढला.

आणि नंतर? असिस्टंट प्रोफेसर म्हणून कायम लागलीस तर बेसिक ५७,७००, ऐकायला छान. पण महाराष्ट्रात कायम लागणं हीच तर अडचण. जागा भरत नाहीत वर्षानुवर्षं, मग सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर घेतात, तासाला पैसे, सुट्टीत शून्य, मे महिन्यात शून्य, पीएचडी झालेली मुलं तीन कॉलेजात धावत तास घेतात. माझ्या वर्गात शिकलेला एक मुलगा, नेट, सेट, पीएचडी सगळं, इंटरव्ह्यूला गेला तर संस्थेच्या माणसाने बाजूला घेऊन आकडा सांगितला. कुठली संस्था ते मी लिहीत नाही. तो आता स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो, त्याचा राग मला येतो तो त्याच्यावर नाही. म्हणून म्हणते, पीएचडी चांगल्या ठिकाणी कर आणि महाराष्ट्राबाहेर अर्ज करायची तयारी ठेव, केंद्रीय विद्यापीठं, खाजगी नवीन विद्यापीठं, बाहेरची फेलोशिप. घराजवळच हवं असा हट्ट नको. मी केला, तुझ्या बाबांची नोकरी इथे, आजी इथे, आणि मला इथे राहायचंच होतं, पण माझ्या वेळी ते परवडलं.

कॉलेजात लागलीस तर आठवड्याला सोळा तास शिकवायचं, त्यात एफवायच्या मुलांना भारतीय राज्यघटना आणि भारतीय राजकारण, आंतरराष्ट्रीय सुरक्षा आली तर एका सेमिस्टरला एक पेपर. बाकी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, परीक्षा, एनएसएसचं शिबिर, निवडणूक ड्युटी. रिसर्च रात्री. पण एक सांगू, त्या सोळा तासांनीच मला लिहायला शिकवलं. रॉबर्ट जर्व्हिसचा सिक्युरिटी डिलेमा, म्हणजे एकाची बचावाची तयारी दुसऱ्याला धोका वाटते तो पेच, मी मुंबईत इंग्रजीत वाचला तेव्हा डोक्यावरून गेला होता. इथे वर्गात मिरकरवाड्याची, हर्णैची, साखरी नाट्याची पोरं, सगळी मच्छिमार बंदरांची. त्यांना म्हटलं, एका नौकेने मोठं इंजिन घेतलं, मासे ओढून घ्यायला एलईडी दिवे लावले, का, तर बाजूच्याच्या मागे पडू नये म्हणून, बाजूच्याला वाटलं हा माझे मासे न्यायला निघाला, त्याने पण लावले, शेवटी सगळ्या बंदराने लावले, मासे तेवढेच, कर्ज मात्र सगळ्यांच्या डोक्यावर. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, आणि बंदी घातली तर पहिला बंद कोण करणार?" अगं, शस्त्रनियंत्रणाचं अख्खं साहित्य त्या प्रश्नात आहे, एलईडीवर २०१७ पासून बंदी आहे आणि रात्री समुद्रात बघ दिवे. त्यावर मी पुढची तीन लेक्चरं घेतली, सिलॅबस राहिला तेवढा राहिला.

साखरी नाट्याच्या मुलांचं वेगळंच. २०११ च्या एप्रिलमध्ये जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, तिथला एक माणूस गेला. त्या जूनमध्ये मी अण्वस्त्रांचा भाग शिकवायला उभी राहिले तर वर्गात शांतता आणि एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या यादीत आमचं माडबन येणार का?" येणार. माडबनला प्रकल्प झाला तर, सहा अणुभट्ट्या, तेव्हाच्या आराखड्यात १६५० मेगावॉटची एकेक, मग दर १ जानेवारीला ते नाव पाकिस्तानच्या टेबलावर जाईल, हल्ला करू नका म्हणून. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे त्यांना आधी कळणार आणि आम्हाला विचारणार पण नाही." मी काय बोलणार. ते वाक्य मी नंतर एका पेपरात घातलं, तिची परवानगी घेऊन, आणि रिव्ह्यूअरने लिहिलं की हे अकॅडमिक नाही, काढा. मी काढलं नाही, दुसरीकडे पाठवलं, तिथे छापलं. थोडी मोठी झालीस की तुला पण कळेल कुठलं वाक्य काढायचं आणि कुठल्यासाठी जर्नल बदलायचं.

रिजेक्शनचं मनाला लावून घेऊ नको. माझा सगळ्यात चांगला पेपर, मिरकरवाड्यावरचा, दोन ठिकाणाहून परत आला, एकाने लिहिलं थिअरी कमी आहे, दुसऱ्याने लिहिलं थिअरी जास्त आहे. त्यात मी काय केलं होतं, २६/११ नंतर किनाऱ्यावर जे सुरू झालं, मच्छिमारांना बायोमेट्रिक कार्डं, नौकांना रंग, सुटण्याआधी टोकन, सागर कवच नावाची मॉक ड्रिल, लाल टीम समुद्रातून घुसणार आणि निळी टीम पकडणार, ते सगळं जेटीवर उभं राहून बघितलं. आणि जेटीवर उभं राहिलं की पहिली गोष्ट दिसते ती ही की निम्म्या नौकांवर खलाशी नेपाळचे आहेत. डोंगरातली मुलं, समुद्र इथे येऊन पहिल्यांदा बघितलेली, आता जाळं ओढतायत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. ड्रिलच्या दिवशी पोलीस तांडेलाला, नौकेच्या प्रमुखाला, विचारतो याचं कार्ड कुठाय, तांडेल म्हणतो साहेब हा काल आला, तो खलाशी एक प्लास्टिकची पिशवी उघडतो, त्यात दुसरी पिशवी, त्यात नेपाळचा नागरिकतेचा कागद घडी पडून फाटायला आलेला, पोलीस तो उलटा-सुलटा करून बघतो आणि परत देतो, काय करणार, नौका तर सुटायची आहे. दिल्लीतल्या कुठल्याही कोस्टल सिक्युरिटीच्या रिपोर्टमध्ये मला तो मुलगा सापडला नाही.

आणि मच्छिमारावर संशय घ्यायची सवय किती जुनी. ९३ च्या फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पुढे कोर्टात कस्टम आणि पोलीस खात्यातल्या लोकांना पण शिक्षा झाल्या. म्हणजे भोक कुठे होतं? पण कार्डं कोणाला मिळाली ते बघ. हे वाक्य मी पेपरात इतकं सरळ लिहिलं नव्हतं, तुला लिहितेय.

बाईमाणूस म्हणून काय होतं ते तुला माझ्याकडून ऐकायचं होतं ना. फार काही नाटकी नाही. कॉन्फरन्समध्ये निवृत्त कर्नल, ब्रिगेडिअर, दोन-चार प्राध्यापक आणि मी. "मॅडम, तुम्ही जेंडरवर का नाही करत?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त हसते. एकदा एका रणगाडेवाल्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर समजावून सांगितलं की बॅलिस्टिक म्हणजे काय. मी ऐकून घेतलं, मग विचारलं की सर, २००५ च्या करारात त्याची व्याख्या काय केलीय? चहाला त्यांनीच कप आणून दिला.

थिंक टँकचं म्हणशील तर वाईट नाही, दिल्लीत आयडीएसए ही संरक्षण अभ्यासाची संस्था १९६५ पासून आहे, के. सुब्रह्मण्यम प्रोफेसर नव्हतेच, आयएएस होते, आणि या देशात या विषयावर बोलायला शिकवलं त्यांनी. पण तिथे आज काय घडलं त्यावर आज लिहायचं असतं, तुला सवय लागली तर पीएचडी बाजूला राहील. आधी थीसिस, मग काय ते. युपीएससीचं मी काहीच बोलत नाही, ती परीक्षा ज्याला मनापासून द्यायचीय त्याने द्यावी, घाबरून नाही.

विषयाचं. "इंडियाज न्यूक्लिअर डॉक्ट्रिन इन द ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी" असलं काहीतरी तू सिनॉप्सिसला लिहिलंयस, वाचलं मी. बाळा, हा विषय नाही, हा स्टेशनवरचा बोर्ड आहे. तुझ्याआधी निदान पन्नास जणांनी यावर लिहिलंय आणि फायली कोणालाच मिळालेल्या नाहीत. त्यापेक्षा मी वर एका दुसऱ्या यादीबद्दल सांगणार होते ते राहिलंच. २००८ च्या मे महिन्यात कॉन्सुलर ॲक्सेसचा, म्हणजे तुरुंगातल्या आपल्या माणसांना दूतावासाने भेटण्याचा, करार झाला, त्याप्रमाणे वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, भारत-पाकिस्तान एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांची आणि मच्छिमारांची यादी देतात. सिंदूरला दोन महिने पण झाले नाहीत आणि परवा १ जुलैला ती यादी दिली, घेतली, वेळेवर. तुझ्या पॅनलवाल्या मित्राला विचार, त्याने वाचलं का. मच्छिमार पकडले जातात ते गुजरातचे, दीवचे, आपल्या पालघरचे. समुद्रात रेष आखलेली नाही, कच्छजवळच्या सर क्रीक खाडीचा वाद सुटलेला नाही, मासे रेष बघत नाहीत, पलीकडची मेरीटाइम सिक्युरिटी एजन्सी नौका ओढून नेते, माणसं वर्षं वर्षं कराचीच्या तुरुंगात, आणि नौका तर परत येतच नाही बहुतेक. कोण कधी सुटतं, बोलणी चालू असताना जास्त सुटतात का तणावात, सोडणं हा सिग्नल म्हणून वापरतात का, नावं यादीत असून सुटायला एवढा वेळ का लागतो. याचे आकडे दर सहा महिन्यांनी परराष्ट्र खातं स्वतः देतं, लोकसभेत उत्तरं आहेत, दोन्हीकडचे पेपर आहेत, आणि पालघरला तू रात्रीच्या गाडीने उतरून त्या घरांत जाऊन बसू शकतेस. मराठी येतं, थोडं गुजराती शीक. दिल्लीतल्या तुझ्या बॅचमध्ये हे दुसऱ्या कोणाला जमणार आहे?

तुझ्यावर लादत नाहीये. आवडलं नाही तर नको घेऊ, पण ते डॉक्ट्रिनचं नाव तेवढं खोड.

गाइड निवडताना नाव बघू नको. त्यांच्याकडे सध्या जे करतायत त्यातल्या तिघा-चौघांना फोन कर, दोन प्रश्न विचार, चॅप्टर पाठवला की किती दिवसांनी परत येतो, आणि परत येतो तेव्हा त्यावर काही लिहिलेलं असतं का. मुलं खरं सांगतात, विशेषतः चौथ्या वर्षाची. मॅडम स्वतःच्या नावाने तुमचे पेपर छापतात का हे विचारू नको, ते ती आपणहून सांगतील.

बाबा आले भिजून, रताळी आणली आणि सोबत कोणी मागितली नव्हती ती केळी पण. सिनॉप्सिस नवीन करून पाठव, वर्ड फाईलच पाठव, पीडीएफमध्ये मला लिहिता येत नाही, आणि पहिलं पान मराठीत लिही, मला नाही, शेजारच्या काकींना समजेल असं. ते जमलं की बाकीचं इंग्रजी करायला वेळ लागत नाही.

तुझी,
आई

ता. क. उद्या उपास धरू नको, तुला पित्त होतं.